आकृतीत दिसतंय, तर मग सिद्ध कशाला करायचं?

पत्र असं आहे: "ताई, मी नववीत आहे. बीजगणित मला आवडतं, समीकरण दिलं की सुटतं. पण भूमितीत डोकंच चालत नाही. सर म्हणतात गृहीतकं सिद्ध करायची नसतात, तशीच मानायची, मग प्रमेयं पण तशीच मानली तर काय बिघडलं? आणि जे आकृतीत सरळसरळ दिसतंय ते परत सिद्ध करत बसायचं हे मला उगाच वाटतं. पुस्तकातली सिद्धता वाचली की सगळी कळते, पुस्तक मिटलं की पहिली ओळ पण सुचत नाही, म्हणून मी पाठ करते, आणि पेपरात अक्षरं बदलली की सगळं गोंधळतं. मागच्या पेपरात स्टेप बरोबर असून कारणं नाहीत म्हणून मार्क कापले. मला भूमिती जमणारच नाही का? – कोरं पान"

अगं, जी मुलगी "गृहीतकं मानायची तर प्रमेयं का नाही" असं विचारते तिला भूमिती जमणार नाही असं मला तरी वाटत नाही. हा प्रश्न भल्याभल्यांना पडत नाही, ते गपचूप पाठ करतात आणि पास होतात. तू तो पत्रात मधेच टाकून पुढे निघून गेलीस, पण बाकीच्या तीनही तक्रारी त्याच्याच पोटातल्या आहेत, म्हणून आधी तोच घेते.

समज तू मला म्हणालीस की दोन रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा समोरासमोरचे कोन सारखे असतात. मी विचारणार, कशावरून? तू म्हणशील, ताई, एक कोन आणि त्याच्या शेजारचा मिळून 180 अंश होतात, आणि तोच शेजारी पलीकडच्या कोनाबरोबर पण 180 च करतो, मग दोन्हीकडून तो शेजारी वजा केला की उरलेले सारखेच असणार ना. झकास. ही पूर्ण सिद्धता झाली बरं का, तू आत्ता तोंडी केलीस. पण मी थांबणार नाही, शेजारशेजारचे मिळून 180 कशावरून? कारण दोघं मिळून एका सरळ रेषेवर आहेत, रेषीय जोडी आहे. बरं, मग रेषीय जोडीची बेरीज 180 कशावरून? इथे तू गप्प होशील, आणि व्हायलाच पाहिजे, कारण कुठेतरी थांबलो नाही तर कशावरून कशावरून करत दोघी म्हाताऱ्या होऊ. जिथे थांबायचं असं आधीच ठरवून ठेवलंय तिथे गृहीतक असतं. बुद्धिबळात घोडा अडीच घरं का चालतो असं कोणी विचारत नाही, तो चालतो, पण "पांढरा चार चालींत मात करतो" असं कोणी म्हणालं तर आपण म्हणतो करून दाखव. घोड्याची चाल गृहीतक, मात हे प्रमेय. आता तू म्हणतेस सगळीच प्रमेयं मानून टाकू, तर त्याचा अर्थ पटावर एकही चाल न खेळता जिंकलो म्हणून सांगणं. आणि एक खरी अडचण पण आहे. जितक्या जास्त गोष्टी न तपासता मानशील तितकी त्यातल्या दोन एकमेकींच्या विरुद्ध निघायची भीती जास्त. म्हणून गृहीतकं मोजकी ठेवायची, बाकीचं सगळं त्यांच्यातून काढायचं.

हे असं पद्धतशीर मांडून ठेवणाऱ्यांमध्ये सगळ्यात गाजलेला माणूस युक्लिड, इसवी सनापूर्वी 300 च्या सुमाराचा. त्याने फक्त 5 गृहीतकं घेतली. दोन बिंदूंमधून सरळ रेषा काढता येते, रेषाखंड दोन्हीकडे हवा तितका वाढवता येतो, कुठलाही केंद्रबिंदू आणि कुठलीही त्रिज्या घेऊन वर्तुळ काढता येतं, सगळे काटकोन एकमेकांएवढे असतात, ही पहिली चार. पाचवं लांबलचक आहे: एक रेषा दोन रेषांना छेदते आणि एका बाजूच्या आतल्या कोनांची बेरीज 180 पेक्षा कमी भरते, तर त्या दोन रेषा वाढवल्यावर त्याच बाजूला कुठेतरी भेटतात. या पाचांच्या जोडीला "एकाच गोष्टीएवढ्या असलेल्या दोन गोष्टी एकमेकींएवढ्या असतात" अशी काही साधी स्वयंसिद्धं, आणि व्याख्या. एवढ्या भांडवलावर त्याच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात 48 विधानं सिद्ध केलीत आणि त्यातलं 47 वं म्हणजे पायथागोरसचं प्रमेय. मला अजूनही हे वाचलं की गंमत वाटते, कुठे "दोन बिंदूंतून रेषा काढता येते" आणि कुठे पायथागोरस.

पाचवं गृहीतक दिसायलाच इतकं प्रमेयासारखं आहे की जवळजवळ दोन हजार वर्षं लोक ते पहिल्या चारांतून सिद्ध करायला बघत होते, आणि कोणालाच जमलं नाही. मग 1829 मध्ये रशियातला लोबाचेव्हस्की आणि 1832 मध्ये हंगेरीतला बोल्याई, दोघा गणितींनी वेगवेगळं बसून असं छापलं की हे गृहीतक बदला, तरी भूमिती कोसळत नाही, वेगळी होते, आणि त्या वेगळ्या भूमितीत त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 पेक्षा कमी येते. म्हणजे 180 ही त्रिकोणाच्या अंगची जादू नाही, पाचव्या गृहीतकाची देणगी आहे. हे तुझ्या अभ्यासाच्या कामाचं आहे का, तर हो. त्रिकोणाच्या कोनांच्या बेरजेची सिद्धता काढून बघ, शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढतो आपण, आणि "समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन" (छेदिकेच्या, म्हणजे दोन्ही रेषांना छेदणाऱ्या रेषेच्या, विरुद्ध बाजूंचे आतले कोन, ते सारखे असतात) असं कारण लिहितो. ते कारण लिहिताना आपण पाचवं गृहीतक वापरलेलं असतं.

आता एक गोष्ट जी वर्गात सहसा सांगितली जात नाही आणि त्यामुळे मुलं चक्रावतात. कुठलं विधान गृहीतक आणि कुठलं प्रमेय हे पुस्तकागणिक बदलतं. बाकोबा, म्हणजे बाजू-कोन-बाजू कसोटी घे: दोन बाजू आणि त्यांच्या मधला कोन सारखे असले की दोन त्रिकोण एकरूप. युक्लिडने एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवून ती सिद्ध केली, पुढे लोकांनी म्हटलं उचलून ठेवणं हे कुठल्या गृहीतकात बसतं, आणि 1899 मध्ये हिल्बर्ट या जर्मन गणितीने भूमितीची गृहीतकं नव्याने मांडली तेव्हा बाकोबाचा गाभा सरळ गृहीतक म्हणून घेतला. रेषीय जोडीचं पण तसंच, तुझ्या पुस्तकात ते गृहीतक असेल, दुसऱ्या पुस्तकात दोन ओळींची सिद्धता असेल. कोणी चुकलेलं नाही, सुरुवात कुठून करायची ते प्रत्येकाने आपापलं ठरवलंय. तुझ्यापुरता नियम एवढाच की तुझ्या पुस्तकाचा क्रम धरायचा आणि मागची गोष्ट सिद्ध करायला पुढची वापरायची नाही. कोनांची बेरीज 180 हे सिद्ध करायला "बाह्यकोन हा दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेएवढा असतो" हे कारण दिलंस तर ओळी सुंदर दिसतील आणि सिद्धता शून्य असेल, कारण बहुतेक पुस्तकांत ते बाह्यकोनाचं प्रमेय याच 180 वरून काढलेलं असतं. गोल फिरून त्याच दारात.

बरं, "दिसतंय की" वाली तक्रार. ती फार जुनी आहे. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते हे युक्लिडने सिद्ध केलं, त्यावर एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाचे अनुयायी हसायचे की हे तर गाढवालाही कळतं, चारा समोर असेल तर ते सरळ जातं, वळसा घालून जात नाही. युक्लिडवर भाष्य लिहिणाऱ्या प्रोक्लसने पाचव्या शतकात ही थट्टा नोंदवून ठेवलीय आणि उत्तर पण दिलंय, की खरं आहे हे डोळ्यांना कळतं, ते का खरं आहे हे डोळ्यांना कळत नाही. उत्तर ठीक आहे, पण तुझ्या वयाला पटेल असं नाही. मी तुला डोळे कसे फसतात तेच दाखवते. कागद घे आणि माझ्याबरोबर हातानेच कच्ची आकृती काढ, पट्टी कंपास नको.

त्रिकोण अबक काढ, कसाही. कोन अ चा दुभाजक काढ. बाजू बक चा लंबदुभाजक, म्हणजे तिच्या मध्यबिंदूतून जाणारा लंब, काढ. दोन्ही जिथे भेटतात त्या बिंदूला प म्हण, आणि तो त्रिकोणाच्या आत दाखव, साधारण मधे. (दोन्ही रेषा एकच निघाल्या तर तुझा त्रिकोण आधीच समद्विभुज आहे, दुसरा काढ.) आता प पासून बाजू अब वर लंब टाक, तो टेकतो तो बिंदू फ. बाजू अक वर टाक, तो टेकतो तो भ. त्रिकोण अफप आणि अभप बघ. दोघांत एकेक काटकोन आहे, अ पाशी निम्मा निम्मा कोन आहे, अप सामाईक. एकरूप. म्हणून अफ = अभ आणि पफ = पभ. पुढे, प हा बक च्या लंबदुभाजकावर आहे म्हणून पब = पक. मग काटकोन त्रिकोण पफब आणि पभक कर्णभुजा कसोटीने (कर्ण आणि एक बाजू सारखी) एकरूप, म्हणून फब = भक. आता बेरीज कर: अफ + फब = अभ + भक, म्हणजे अब = अक. त्रिकोण कसाही घेतला होता. म्हणजे जगातला प्रत्येक त्रिकोण समद्विभुज!

थांब, लगेच पुढे वाचू नको, चूक शोध. एकरूपतेच्या ओळी परत परत तपासशील आणि त्या सगळ्या बरोबर निघतील, खरंच बरोबर आहेत. घोटाळा आकृतीत आहे. अब आणि अक सारख्या नसतील तर प बिंदू आत कधी पडतच नाही, तो त्रिकोणाच्या बाहेर, परिवर्तुळावर (तिन्ही शिरोबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळावर) जाऊन बसतो. समज अब = 8 आणि अक = 6 आहे, तर फ आणि भ दोन्ही अ पासून बरोबर 7 वर येतात. 8 च्या बाजूवर 7 म्हणजे आत, पण 6 च्या बाजूवर 7 म्हणजे टोकाच्या 1 पुढे, वाढवलेल्या भागावर. फब = 1, भक = 1, ते सारखे आहेतच. फक्त एकीकडे 7 + 1 करायचं आणि दुसरीकडे 7 − 1, आणि आपण दोन्हीकडे बेरीज केली, का, तर आकृतीत तसं दिसत होतं. आता पट्टी कंपास घेऊन नीट काढ, प बाहेर पडताना डोळ्यांनी दिसेल.

म्हणून "आकृतीवरून स्पष्ट आहे" हे कारण चालत नाही. पण मग आकृतीतून काहीच घ्यायचं नाही का? घ्यायचं, फक्त काय ते ठरलेलं आहे. गणितासोबत आकृती छापून दिली असेल तर कुठला बिंदू कुठल्या रेषेवर आहे, कोण कोणाच्या मधे आहे, कुठल्या रेषा कुठे छेदतात, एवढं बिनधास्त घे. दोन बाजू सारख्या आहेत, कोन काटकोन आहे, रेषा समांतर आहेत, हे मात्र खूण असेल किंवा पक्षात, म्हणजे दिलेल्या माहितीत, लिहिलं असेल तरच, नुसतं तसं दिसतंय म्हणून अजिबात नाही. आणि जी रेषा तू स्वतः रचनेत काढलीस ती कुठे जाऊन पडते याची जबाबदारी तुझी, वरचा सगळा गोंधळ तिथेच झाला. तसं बघितलं तर युक्लिडचं पहिलंच विधान, समभुज त्रिकोण काढायचं, त्यातली दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात हे त्याने पण आकृतीत बघूनच घेतलं, त्याच्या पाच गृहीतकांत ते कुठेच नाही. तेव्हा फार लाजू नको.

आता मुख्य दुखणं, पहिली ओळच सुचत नाही. कोरं पान, यात तुझा दोष कमी आणि छापील सिद्धतेचा जास्त आहे. पुस्तकातली सिद्धता वरून खाली लिहिलेली असते पण ती सापडते खालून वर, आणि तो खालून वर जायचा भाग छापतच नाहीत. तू फक्त आवरलेलं घर बघतेस आणि वाटतं हे लोक असंच राहतात. एक उदाहरण रफच्या पानासकट करून दाखवते.

गणित: रेख अब आणि रेख कड एकमेकांना म बिंदूत दुभागतात, तर रेषा अक आणि रेषा बड समांतर आहेत हे दाखवा. (चारही बिंदू एका रेषेत नाहीत हे धरून चालू.)

रफच्या पानावर सगळ्यात खाली लिही: अक समांतर बड. आता स्वतःला विचार, दोन रेषा समांतर आहेत हे मला कशावरून म्हणता येतं? संगत कोन सारखे निघाले तर, व्युत्क्रम कोन सारखे निघाले तर, किंवा एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज 180 आली तर. तीनच वाटा. छेदिका कुठली आहे? अब आहे, दोन्ही रेषांना टेकतेय. तिच्या दोन टोकांना, विरुद्ध बाजूंना, कोन मअक आणि कोन मबड आहेत, हे तर व्युत्क्रम. म्हणजे हे दोन सारखे मिळाले की काम झालं, ते खालून दुसऱ्या ओळीवर लिही. आता दोन कोन सारखे कशावरून मिळतील? एकरूप त्रिकोणांचे संगत कोन असतील तर. कुठल्या त्रिकोणांत बसलेत ते? अमक आणि बमड. ते खालून तिसऱ्या ओळीवर. हे दोघं एकरूप कशावरून? आता वर जा आणि पक्ष बघ, काय फुकट मिळालंय. एकमेकांना दुभागतात, म्हणजे अम = बम आणि कम = डम. दोन बाजू आल्या, तिसरं काहीतरी पाहिजे. तिसऱ्या बाजू अक आणि बड, त्यांच्याबद्दल काही माहीत नाही, त्या सोड. मधला कोन? म पाशी दोन रेषा छेदतात, विरुद्ध कोन, सारखे. बाजू कोन बाजू. वरून आलेलं आणि खालून आलेलं भेटलं. आता फक्त उलट क्रमाने उतरवून काढायचं:

पक्ष: रेख अब आणि रेख कड परस्परांना म बिंदूत दुभागतात.
साध्य: रेषा अक समांतर रेषा बड.
सिद्धता: त्रिकोण अमक आणि त्रिकोण बमड मध्ये,
अम = बम … (पक्ष)
कोन अमक = कोन बमड … (परस्पर विरुद्ध कोन)
कम = डम … (पक्ष)
म्हणून त्रिकोण अमक आणि त्रिकोण बमड एकरूप … (बाकोबा कसोटी)
म्हणून कोन मअक = कोन मबड … (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन)
हे कोन रेषा अक आणि रेषा बड यांचे, छेदिका अब मुळे झालेले व्युत्क्रम कोन आहेत.
म्हणून रेषा अक समांतर रेषा बड … (समांतर रेषांची व्युत्क्रम कोन कसोटी)

शेवटच्या कारणात मी "कसोटी" लिहिलंय ते सहज नाही. "व्युत्क्रम कोन सारखे आहेत म्हणून रेषा समांतर" ही कसोटी, आणि "रेषा समांतर आहेत म्हणून व्युत्क्रम कोन सारखे" हा गुणधर्म. एकमेकांचे व्यत्यास आहेत, आणि पेपरात सगळ्यात जास्त मार्क मला वाटतं इथेच जातात, कारण मुलं दोन्हीकडे नुसतं "व्युत्क्रम कोन" एवढंच लिहून मोकळी होतात. साधी खूण सांगते, जे अजून सिद्ध व्हायचंय ते कारणात "आहे" म्हणून येता कामा नये. समांतर आहेत हे सिद्ध करताना "समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन" असं कारण दिलंस तर संपलं. आणि या दोन विधानांची तब्येत पण वेगळी आहे, कसोटी युक्लिडने पाचव्या गृहीतकाशिवाय सिद्ध केली, त्याचं 27 वं विधान, आणि गुणधर्म 29 वं, तिथे त्याला पाचवं गृहीतक पहिल्यांदा काढावं लागलं.

दुसरी नेहमीची पडण्याची जागा म्हणजे रचना. समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे कोन सारखे असतात हे सिद्ध करायला मुलं बिनधास्त लिहितात, "अ मधून बक ला दुभागणारा लंब काढा". अगं, लंब काढ नाहीतर मध्यबिंदूला जोड, एका रेषेकडून एकच अट मागता येते, दोन्ही एकदम होतात हे तर सिद्ध झाल्यावर कळणार. कोन अ चा दुभाजक काढ, बक ला ड मध्ये मिळू दे, मग अब = अक, निम्मे कोन, अड सामाईक, बाकोबा, झालं. आणि खरं तर रचना लागतच नाही. पॅपस नावाच्या ग्रीक गणितीची म्हणून सांगितली जाणारी सिद्धता मला जाम आवडते: त्रिकोण अबक ची तुलना त्याच्याशीच कर, पण उलटा वाचून, त्रिकोण अकब शी. अब = अक, अक = अब, कोन अ तोच, बाकोबाने एकरूप, म्हणून कोन ब = कोन क. तीन ओळी. पहिल्यांदा वाचलं की फसवल्यासारखं वाटतं, पण शोधून बघ, प्रत्येक ओळीला कारण आहे. यावरून एक कळेल की त्रिकोणाच्या नावातल्या अक्षरांचा क्रम किती महत्त्वाचा असतो, कोणता बिंदू कोणाशी जोडलाय ते त्या क्रमातच असतं, तो चुकला की संगत कोन पण चुकीचे येतात.

पाठ करण्याबद्दल. प्रमेयांची विधानं पाठ कर, कसोट्या पाठ कर, व्याख्या तर शब्द न शब्द पाठ कर, त्यात काही कमीपणा नाही, ते तुझं सामान आहे. सिद्धता मात्र पाठ करू नको. त्याऐवजी पुस्तकातली सिद्धता घे, कंसातली कारणं कागदाने झाक आणि स्वतः लिही. ते जमायला लागलं की उलट कर, कारणं उघडी ठेव आणि विधानं झाक. मग आकृती आडवी फिरवून, अक्षरं बदलून तीच सिद्धता परत. अक्षरं बदलल्यावर गोंधळतेस याचा अर्थ तू अ, ब, क लक्षात ठेवलेत, कोन लक्षात ठेवलेले नाहीत. रंगीत पेनने सारख्या बाजूंना, सारख्या कोनांना खुणा कर, मग नावं काही का असेनात. आणि काहीच सुचत नसेल तेव्हा निदान पक्ष, साध्य आणि खुणा केलेली आकृती एवढं तरी लिहून ठेव, बऱ्याचदा ते लिहितालिहिताच सुचतं.

मार्क कापल्याचं मात्र मी तुझ्या बाजूने बोलणार नाही. समीकरणात शेवटचं उत्तर तपासता येतं, सिद्धतेत उत्तर तर प्रश्नातच दिलेलं असतं, साध्य आधीच सांगितलंय, मग तपासणाऱ्याने तुझं काय बघायचं? कारणंच बघणार. कंसात येऊ शकतात अशा गोष्टी फार नाहीत: पक्ष, रचना, व्याख्या, गृहीतक, आधी सिद्ध झालेलं प्रमेय, आणि दोन्ही बाजूंत सारखंच मिळवलं वगैरे साधी बेरीज-वजाबाकी. यांपैकी काहीच बसत नसेल तर ती ओळ अजून तुझी झालेली नाही. कारण थोडक्यात लिहिलं तरी चालतं, शाळेत जे संक्षेप चालतात ते खुशाल वापर, फक्त कसोटी कुठली ते नाव घालून लिही, नुसतं "कसोटीवरून" नको.

आता काम देते. समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात हे सिद्ध कर. वर केलेल्या गणिताचा हा जवळजवळ उलटा प्रवास आहे, पण मधे एका ठिकाणी अडशील, त्रिकोण एकरूप करायला एक बाजू कमी पडेल, तेव्हा आधी समोरासमोरच्या बाजू सारख्या असतात हे वेगळं सिद्ध करून घे. आणि लिहून झालं की शोध, पाचवं गृहीतक नक्की कुठल्या ओळीत लपलंय. पाठवलंस तर तपासून देईन, पण फेअर कॉपीबरोबर रफचं पान पण पाठव, मला तेच जास्त बघायचंय.